विश्लेषण : चेतकचा चोक आणि विमानातली लाल मूठ… जुन्या विमानांत पेट्रोल-हवेचे मिश्रण वैमानिकालाच का सांभाळावे लागते?

डिसेंबरातल्या थंडीत कोथरूडच्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुनी बजाज चेतक सुरू करणे हा एक विधीच असे. पेट्रोलचा कॉक ‘ऑन’, चोक बाहेर, स्कूटर एका अंगावर वाकवून पुन्हा सरळ, आणि मग किक. गाडी सुरू झाल्यावर चोक आत ढकलायला विसरले, तर पौड फाटा येईपर्यंत इंजिन गुदमरू लागे आणि प्लग काळाठिक्कर निघे. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ मानके लागू झाली, दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला आणि त्याच्याबरोबर चोकही गेला. आज महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला तो दाखवायचा तर जुनी गाडी शोधावी लागते. मात्र पेट्रोल आणि हवेचे प्रमाण माणसाच्या हाताने ठरवण्याची ही पद्धत जगभरातल्या लहान विमानांत अजूनही रोज वापरली जाते. तिथे चूक झाली तर गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन प्लग पुसत बसण्याची सोय नसते.

जेआरडींच्या विमानात काय होते?

१५ ऑक्टोबर १९३२. जेआरडी टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन एकटेच निघाले आणि अहमदाबादला थांबून दुपारी मुंबईत जुहूला उतरले. टाटांच्या हवाई टपालसेवेची आणि पुढे एअर इंडिया झालेल्या कंपनीची ही सुरुवात. विमान होते डी हॅविलँड कंपनीचे ‘पुस मॉथ’. त्यात ‘जिप्सी थ्री’ नावाचे, सुमारे १२० अश्वशक्तीचे, चार सिलिंडरचे, हवेने थंड होणारे इंजिन. म्हणजे ताकद आजच्या एखाद्या मोटारीएवढीच. रेडिओ नाही, हवामानाची खबर देणारे कोणी नाही. अहमदाबादला बर्मा शेलचे पेट्रोल आले ते चार-चार गॅलनच्या डब्यांत, बैलगाडीवरून.

या प्रवासाच्या गोष्टी बहुतेक वेळा इथेच, बैलगाडीपाशी, संपतात. विमानात त्या वेळी काय चालले होते, हे सहसा कोणी सांगत नाही. वैमानिकाच्या एका हाताशी थ्रॉटल असे, म्हणजे स्कूटरच्या भाषेत ‘रेस’. त्याच्याच शेजारी दुसरा दांडा असे, मिश्रणाचा. इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल किती मिसळायचे हे त्याने ठरत असे. कराची, अहमदाबाद, मुंबई हा सगळा पट्टा समुद्रसपाटीजवळचा. त्या टप्प्यात या दांड्याला फार काम पडले नसावे. जुहूहून पुढे बल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेले ते नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. त्यांना सह्याद्री ओलांडून दख्खनच्या पठारावरून जायचे होते. घाटमाथ्यावरचे ढग टाळायला जसजसे वर जावे तसतसा तो दुसरा दांडा महत्त्वाचा होतो.

हवेचे गणित काय आहे?

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने त्याच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. हे प्रमाण ऐकायला साधे वाटते, पण एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते असे म्हटले, की इंजिन म्हणजे मुख्यतः हवा ओढणारा पंप आहे हे ध्यानात येते. दहा बाय दहाची एक खोली तीन लिटर पेट्रोलला कशीबशी पुरेल.

कार्ब्युरेटर हे काम कोणत्याही सेन्सरशिवाय करतो. हवा एका नळीतून इंजिनात ओढली जाते. त्या नळीला मध्येच अरुंद गळा असतो. गळ्यात हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि शेजारच्या छोट्या टाकीतले पेट्रोल बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, वर ओढले जाते. हवा जास्त तर ओढ जास्त, ओढ जास्त तर पेट्रोल जास्त. रचना शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिच्यातली हुशारी अजूनही थक्क करते. तिच्यात एकच उणीव आहे: हवा दाट आहे की विरळ, हे तिला नीट कळत नाही.

वर जावे तशी हवा विरळ होते. दर हजार फुटांना साधारण तीन टक्के, हा ढोबळ हिशेब. गळ्यातून जाणाऱ्या हवेचे आकारमान तेच राहते, वजन मात्र घटते. पेट्रोलही थोडे कमी ओढले जाते, पण हवा जितकी घटली तितके नाही; तिच्या साधारण निम्म्यानेच. परिणामी मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण आपोआप वाढत जाते. त्याला गॅरेजच्या भाषेत ‘रिच’ म्हणतात. उलट झाले तर ‘लीन’. पाच हजार फुटांवर मिश्रण सुमारे आठ टक्के रिच झालेले असते, दहा हजार फुटांवर सोळा टक्क्यांच्या आसपास.

मुंबईहून घाट चढून पुण्यात आलेल्या जुन्या मोटरसायकलचेही हेच होते, फक्त आकडा लहान. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर. इथली हवा मुंबईपेक्षा पाचएक टक्के विरळ, म्हणजे मुंबईत जुळवलेला कार्ब्युरेटर कोथरूडमध्ये जेमतेम तीन टक्के रिच. एवढे इंजिन खपवून घेते.

विमानाला मात्र उन्हाळाही मोजावा लागतो. तापलेली हवा विरळ असते. लोहगाव विमानतळाची उंची १९४२ फूट. एप्रिलमधल्या ४० अंशांच्या दुपारी तिथली हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीने ते पाच हजार फुटांहून अधिक उंचीवर उभे असते. महाबळेश्वरची उंची साधारण ४,४०० फूट. म्हणजे त्या दुपारी लोहगावच्या धावपट्टीवरचे विमान हिशेबाने महाबळेश्वरपेक्षा उंच जागेवरून उडणार असते. पंख्याची ओढ कमी, पंखांची उचल कमी, आणि मिश्रण नको तितके रिच. सकाळी लवकर उड्डाणे उरकण्याचा प्रशिक्षण संस्थांचा आग्रह नुसता उन्हाच्या त्रासापायी नसतो.

चोक आणि मिश्रणाची मूठ एकच का?

नाही, आणि इथे स्कूटरवाल्यांचा हमखास गोंधळ होतो. चोक हवा अडवतो, म्हणून मिश्रण रिच होते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, त्यासाठी ते जादा पेट्रोल लागते. विमानातली मूठ याच्या बरोबर उलट काम करते: ती पेट्रोल अडवते, म्हणून मिश्रण लीन होते. चोक लागतो थंडीत आणि जमिनीवर, मूठ लागते उंचीवर.

थंड इंजिन सुरू करायला लहान विमानांत चोकऐवजी हातपंप असतो. त्याने पेट्रोलचा फवारा थेट इंजिनाच्या तोंडाशी मारतात. टायगर मॉथसारख्या त्याहून जुन्या विमानात कार्ब्युरेटरवरची कळ दाबून पेट्रोल ठिबकेपर्यंत तो भरून घेतात. जुनी जावा चालवलेल्यांना ही कळ पाठ असेल. मग विमानासमोर उभे राहून पंखा हाताने फिरवायचा.

आजही वापरात असलेल्या सेसना १५२, १७२ या विमानांत ही मूठ लाल रंगाची आणि कडेने खाचांची असते. थ्रॉटल काळा, गोल आणि गुळगुळीत. अंधारात किंवा घाईत हात लावला तरी फरक कळावा, म्हणून हा आकार. लाल मूठ पूर्ण बाहेर ओढली की पेट्रोल बंद होऊन इंजिन थांबते, आणि ही विमाने रोज अशीच बंद करतात. चावी फिरवून बंद केले तर सिलिंडरमध्ये पेट्रोल शिल्लक राहू शकते, आणि मॅग्नेटोची तार कुठे सैल असेल तर नुसता हाताने हलवलेला पंखाही इंजिन चालू करू शकतो. मॅग्नेटोला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. बंद विमानाच्या पंख्यापासून लांब उभे राहायला शिकवतात, त्याचे कारण हेच.

मिश्रण कानाने कसे जुळवतात?

आज अनेक विमानांत धुराचे तापमान दाखवणारा काटा असतो. तो नसेल तेव्हाची रीत जुनीच आहे. विमान सरळ, एका उंचीवर स्थिर झाले की लाल मूठ सावकाश बाहेर ओढायची. उंचीवर मिश्रण रिच झालेले असेल तर इंजिनाचे फेरे आधी थोडे वाढतात. गुदमरलेल्याला श्वास मिळावा तसे. आणखी ओढले की फेरे घसरू लागतात आणि विमानात बारीक थरथर जाणवते. चारही सिलिंडरना मिश्रण सारखे पोहोचत नाही. ज्याला सर्वात लीन मिळते तो आधी अडखळतो, ती ही थरथर. तिथून मूठ हळूहळू आत ढकलायची, इंजिन पुन्हा एकसुरी चालेपर्यंत, आणि मग सुरक्षिततेसाठी आणखी जराशी.

जिप्सी इंजिनाच्या काळातले वैमानिक कानाबरोबर डोळाही वापरत. रात्री धुराड्यातली ज्योत लालसर-पिवळी दिसली तर मिश्रण रिच, निळसर झाली तर लीन. उतरल्यावर प्लग काढून पाहायचे. काजळी धरलेला म्हणजे रिच, पांढराफटक म्हणजे लीन, बिस्किटासारखा तपकिरी म्हणजे ठीक. पुण्यातल्या गॅरेजमध्ये जुने मेकॅनिक प्लगचा रंग पाहून निदान करतात ते याच कोष्टकाने.

प्लगचीच एक गोष्ट भारतीय विमानोड्डाणाच्या इतिहासात नोंदली गेली आहे. १९३० साली इंग्लंड-भारत अंतर एकट्याने पार करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. जेआरडी कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते, आणि जेमतेम सतरा वर्षांचे अस्पी इंजिनीअर उलट दिशेने येत होते. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पींची गाडी प्लगवर अडली होती आणि त्यांच्याकडे जादा प्लग नव्हते. जेआरडींनी आपल्याकडचे दिले. अस्पी काही तासांच्या फरकाने बक्षीस जिंकले, पुढे हवाई दलात गेले आणि १९६० ते १९६४ या काळात हवाई दलप्रमुख झाले. ही गोष्ट जेआरडींच्या दिलदारपणासाठी सांगतात, ते योग्यच. पण तिच्यातून त्या काळच्या इंजिनांची रीतही कळते: तेल आणि काजळी धरून प्लग इतक्या सहज निकामी होत, की लांबच्या उड्डाणाला जादा प्लग न घेता निघणे म्हणजे आजच्या भाषेत स्टेपनीशिवाय लडाखला जाणे.

रिच ठेवले तर बिघडते काय?

नवशिक्याला वाटते, पेट्रोल जरा जास्त गेले तर गेले, निदान इंजिन जळणार तरी नाही. यात अर्धे सत्य आहे. उड्डाण आणि चढण यांत मूठ मुद्दाम पूर्ण आत, म्हणजे रिच, ठेवतात. त्या वेळी इंजिन पूर्ण ताकदीने चालत असते आणि विमानाचा वेग कमी असल्याने त्यावरून जाणारी थंड हवाही कमी. जादा पेट्रोलाची वाफ होताना ते उष्णता शोषते आणि जळणाचा वेगही मंदावतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात पेट्रोल हेच काही अंशी कुलंटचे काम करते. अशा वेळी मिश्रण लीन ठेवले तर सिलिंडरमधला शेवटचा भाग ज्योत पोहोचण्याआधीच एकदम पेटतो. रस्त्यावर आपण त्याला ‘इंजिन नॉक करतंय’ म्हणतो. गाडीत तो आवाज ऐकू येतो. विमानात पंख्याच्या गोंगाटात बहुधा येत नाही, आणि कळते तेव्हा पिस्टनला भोक पडलेले असू शकते. म्हणूनच ताकद ७५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय मिश्रण लीन करू नये, असे अनेक लहान इंजिनांच्या पुस्तिकांत लिहिलेले असते.

लेहसारखा विमानतळ याला अपवाद. दहा हजार फुटांहून उंच अशा धावपट्टीवर मूठ पूर्ण आत ठेवून निघाले तर इंजिन पेट्रोलात बुडते आणि मुळात कमी असलेली ताकद आणखी घटते. तिथे निघण्यापूर्वीच मिश्रण लीन करून जास्तीत जास्त फेरे मिळतील असे जुळवावे लागते.

सरळ उड्डाणातही रिचच ठेवले तर नुकसान दोन प्रकारचे. एक प्लगचे: विमानाच्या पेट्रोलात अजूनही शिसे असते, आणि रिच, थंड इंजिनात ते प्लगवर गोळ्यागोळ्यांनी साचते. दुसरे नुकसान टाकीचे, आणि खरा धोका तिथे आहे. विमानाच्या पुस्तिकेतले ‘इतक्या इंधनात इतके तास’ हे कोष्टक मिश्रण नीट लीन केले आहे असे गृहीत धरून छापलेले असते. सेसना १५२चेच उदाहरण घ्या. वापरता येण्याजोगे पेट्रोल सुमारे ९३ लिटर, खप तासाला साधारण २३ लिटर. म्हणजे चार तास. समजा मूठ आतच राहिली आणि खप वीस टक्क्यांनी वाढला, तर टाकी तीन तास वीस-बावीस मिनिटांत कोरडी. जवळपास चाळीस मिनिटे हवेत विरली. अडीअडचणीसाठी राखून ठेवलेला वेळ साधारण एवढाच असतो.

याच्या नेमके उलट उदाहरण चार्ल्स लिंडबर्ग यांचे. १९२७ साली न्यूयॉर्क ते पॅरिस हे साडेतेहतीस तासांचे उड्डाण करताना ते निघाले ४५० गॅलन पेट्रोल घेऊन आणि उतरले तेव्हा टाक्यांत सुमारे ८५ गॅलन शिल्लक होते. एका इंजिनाच्या विमानात, एकट्याने, झोप आवरत, इंजिनाचे फेरे आणि मिश्रण सतत जुळवत राहिल्याचा हा परिणाम. दुसऱ्या महायुद्धात हेच लिंडबर्ग पॅसिफिकमध्ये लढाऊ वैमानिकांना कमी फेरे आणि लीन मिश्रण वापरून पल्ला कसा वाढवायचा हे शिकवत होते. इंजिने जळतील अशी भीती आधी अनेकांना होती.

मूठ विसरण्याची वेळ बहुतेकदा उतरताना येते. वर लीन केलेले मिश्रण खाली दाट हवेत आणखी लीन होते. मंद चालणाऱ्या इंजिनात ते जाणवत नाही. पण धावपट्टीवर अचानक कुत्रे आले, वैमानिकाने पुन्हा वर जाण्यासाठी थ्रॉटल जोरात उघडला, की इंजिन ऐन वेळी खोकते. उतरण्यापूर्वीच्या तपासणी यादीत ‘मिश्रण रिच’ ही ओळ त्यासाठी असते.

पुण्याच्या पावसाळ्यात बर्फ?

हा भाग ऐकून बहुतेकांना विश्वास बसत नाही. कार्ब्युरेटरच्या गळ्यात दाब घटतो आणि त्याच वेळी पेट्रोलाची वाफ होते. दोन्हींमुळे तिथले तापमान वीस अंशांनी किंवा त्याहूनही जास्त खाली येऊ शकते. बाहेर २४ अंश आणि दमट हवा, म्हणजे जुलैतले नेहमीचे पुणे. अशा हवेतल्या बाष्पाचा गळ्यात बर्फ होऊ शकतो. हिमालयातल्या कोरड्या थंडीपेक्षा अशी ओलसर, सुखद हवाच जास्त धोक्याची. उतरताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो तेव्हा बर्फ सर्वात लवकर धरतो. फेरे हळूहळू कमी होतात, वैमानिक नकळत थ्रॉटल वाढवत राहतो, आणि मग इंजिन थांबते. विमान खाली येईपर्यंत गरम इंजिनाशेजारी तो बर्फ वितळूनही जातो, मागे पुरावा राहत नाही.

उपाय म्हणून आणखी एक खटका असतो. तो ओढला की धुराड्याभोवती तापलेली हवा कार्ब्युरेटरमध्ये येते. पण गरम हवा विरळ, म्हणजे मिश्रण पुन्हा रिच. वितळलेल्या बर्फाचे पाणी इंजिनात जाताना इंजिन आधीपेक्षा वाईट अडखळते, आणि घाबरून खटका परत ढकलण्याचा मोह होतो. तो मोह आवरायला शिकवावे लागते. शिवाय सेसनाच्या फळीवर हा खटका थ्रॉटलच्या डाव्या बाजूला आणि मिश्रणाची लाल मूठ उजव्या बाजूला. एकाऐवजी दुसरे ओढण्याची चूक जगभर झालेली आहे. खाचांची लाल मूठ असूनही.

मग हे यंत्राकडे का सोपवत नाहीत?

सोपवले आहे, मोटारींत तर केव्हाच. कोथरूडलगतच्या वेताळ टेकडीवर ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. देशातल्या गाड्यांच्या धुराची तपासणी जिथे होते अशा प्रमुख ठिकाणांपैकी हे एक. तिथे येणाऱ्या आजच्या गाड्यांत धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर मिश्रण क्षणोक्षणी दुरुस्त करतो. पीयूसीच्या पावतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा वाढला तर मिश्रण रिच, हेही त्याच गणिताचे दुसरे टोक. डिझेल इंजिनात हा प्रश्न मुळातच वेगळा. कोथरूडमध्ये ज्यांचा कारखाना आहे त्या कमिन्सच्या इंजिनांसारख्या डिझेल इंजिनांत हवा भरपूर येऊ देतात आणि ताकद कमी-जास्त करतात ती फक्त डिझेलच्या मात्रेने.

विमानांतही बदल आला आहे. रोटॅक्स ९१२ या लहान इंजिनाचे कार्ब्युरेटर उंचीनुसार मिश्रण स्वतःच बदलतात. त्यात लाल मूठच नाही. मुंबईच्या आरोही पंडित यांनी १५ ऑक्टोबर २०२१ रोजी जेआरडींच्या उड्डाणाच्या स्मरणार्थ भुजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत उड्डाण केले, ते याच जातीच्या इंजिनावर. स्वतः जेआरडींनी १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, कराची-मुंबई उड्डाण पुन्हा केले होते ते ‘लेपर्ड मॉथ’मधून, म्हणजे जिप्सी मेजर इंजिनावर. दोन उड्डाणांत ३९ वर्षांचे अंतर. पण इंजिनांत एका पूर्ण युगाचे.

तरीही जुनी पद्धत संपलेली नाही. सेसना १५२चे उत्पादन १९८५मध्ये थांबले; म्हणजे आज उडणारे त्यातले सर्वात नवे विमानसुद्धा चाळिशीचे. बारामतीसारख्या ठिकाणी वैमानिक व्हायला गेलेली पुण्यातली मुले अशाच जातीच्या विमानांवर शिकतात. फ्युएल इंजेक्शनच्या दुचाकीवर वाढलेल्या या पिढीला मिश्रण म्हणजे काय हे पहिल्यांदा कळते ते थेट विमानात. त्यांच्या वडिलांना चेतकने निदान ओळख करून दिलेली असे. भारतीय हवाई दलानेही एक टायगर मॉथ ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतले आणि २०१२ सालच्या हवाई दल दिनी ते हिंडनच्या आकाशात पुन्हा उडाले. अशी विमाने उडती ठेवायची तर इंजिनाच्या आवाजावरून मिश्रण ओळखणारे कानही टिकवावे लागतात.

पेट्रोलच बदलले तर?

जुन्या इंजिनांचा पुढचा पेच हा आहे. लहान विमानांचे पेट्रोल, ‘अ‍ॅव्हगॅस १०० एलएल’, भारत वर्षानुवर्षे आयात करत होता. सप्टेंबर २०२२पासून इंडियन ऑइलने ते बडोद्याजवळच्या कोयाली रिफायनरीत बनवायला सुरुवात केली. त्यातले शिसे नॉकिंग रोखते. मोटारींच्या पेट्रोलातून भारताने २००० सालीच शिसे काढले, विमानांच्या पेट्रोलातून ते काढण्यासाठी अमेरिकेने २०३०ची मुदत डोळ्यांसमोर ठेवली आहे. कोंबडीआधी अंडे म्हणावे तसे आहे: शिसे नसलेले पेट्रोल सर्व जुन्या इंजिनांना चालते हे सिद्ध होईपर्यंत ते विमानतळांवर पोहोचत नाही, आणि पोहोचल्याशिवाय अनुभव जमत नाही.

कोथरूडच्या पार्किंगमधल्या चेतकपुढे प्रश्न वेगळा आहे: २० टक्के इथेनॉल असलेले ‘ई-२०’ पेट्रोल. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला वजनाच्या फक्त नऊ पट हवा पुरते. ‘ई-२०’ला सुमारे साडेतेरा पट. म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी जेट बसवलेला जुना कार्ब्युरेटर ‘ई-२०’वर सात-आठ टक्के लीन चालतो. पुण्याच्या उंचीने दिलेले तीन टक्के रिच त्यात भरून निघून उरते ते लीनच. सेन्सर असलेली गाडी हे सावरून घेते. चेतक घेत नाही. नीती आयोगाच्या आराखड्यानेच जुन्या दुचाकींचे मायलेज ‘ई-२०’वर तीन ते चार टक्के घटेल असा अंदाज दिला आहे. त्याशिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टाकीत ते तळाला साचते. विमानाच्या पेट्रोलात इथेनॉलला मज्जाव आहे तो या दोन्ही कारणांनी: उंचीवरच्या थंडीत वेगळे झालेले पाणी नळीत गोठले तर खाली उतरायला फार वेळ मिळत नाही.

जुनी स्कूटर चढावर गरम होऊन ताकद सोडू लागली, प्लग पांढरा निघाला, तर जाणकार मेकॅनिक मेन जेट एका नंबरने मोठा बसवतो, फ्लोटची सुई आणि रबरी नळ्या बदलतो आणि तासाभरात गाडी परत देतो. विमानाच्या मालकाला असा जेट मनाने बदलता येत नाही. त्यासाठी कागदोपत्री मंजुरी लागते, परवानाधारक अभियंत्याची सही लागते, आणि ते होईपर्यंत विमान हँगरमध्येच उभे राहते.